विषय: शनिवारची गणिताची शिकवणी

मंडळी, सप्रेम नमस्कार.

फिलाडेल्फियात मी ज्या वर्गाला गणित शिकवते, तिथे गेली ४ वर्षं एक कृष्णवर्णीय बाई मदतनीस आहेत. मुलांना अपूर्णांक काही केल्या कळेनात, तेव्हा त्यांनी पर्समधली शिवणकामाची टेप काढली आणि इंचाच्या रेघांवर बोट ठेवून पाव, अर्धा, पाऊण दाखवला. मागच्या बाकावरचा पोरगा पुढे येऊन टेपवर वाकला. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

त्यांना शिक्षिका व्हायचंय. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पदवी होत आली आहे. अडतंय शेवटच्या टप्प्यावर. एक अख्खं सत्र दुसऱ्या शिक्षकाच्या हाताखाली बिनपगारी शिकवायचं, म्हणजे हातातली नोकरी सोडायची, आणि घरी दोन मुलं. पेनसिल्व्हेनिया राज्याने अशा उमेदवारांना १०,००० डॉलरचं विद्यावेतन सुरू केलंय, पण सगळ्या अर्जदारांना पुरेल एवढा पैसाच नाही.

त्यांच्यासह पाच जणींची शिक्षकाच्या लायसन्सच्या परीक्षेची, निदान गणिताची तयारी करून घ्यावी म्हणते. मंडळाची खोली, दोन शिकवणारे आणि परीक्षेच्या फीपुरती वर्गणी मिळेल का?

*

ताई, तुमची तळमळ कळते. पण शिक्षक चांगला असला की झालं, त्याचा रंग कशाला बघायचा? शिवाय आपल्या मराठी शाळेलाच पैसे पुरत नाहीत.

*

काका, स्पष्ट विचारलंत ते बरं केलंत. नॉर्थ कॅरोलायनातल्या मुलांचा अभ्यास २०१७ साली आला. तिसरी ते पाचवीत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला, तर कृष्णवर्णीय मुलांचं पुढे शाळा सोडण्याचं प्रमाण २९ टक्क्यांनी कमी होतं. अगदी गरीब घरच्या मुलग्यांत ३९ टक्क्यांनी. आणि देशभरातल्या सरकारी शाळांत असे शिक्षक शंभरात जेमतेम सहा-सात.

ते आधीपासून इतके कमी नव्हते. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, त्या १९५४ च्या निकालानंतर शाळा एकत्र झाल्या तेव्हा दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद केल्या गेल्या. साधारण दहा वर्षांत ३८,००० शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली, बाई घरी बसल्या. ती तूट अजून भरलेली नाही.

जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती इथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. सावित्रीबाईंच्या शाळेचा अभिमान आपण दर ३ जानेवारीला सांगतो. त्या तरी शिक्षिका कशा झाल्या? आधी कुणीतरी त्यांना बसवून शिकवलं म्हणूनच ना?

मराठी शाळेच्या पैशाला हात लावायचा नाही, हे मला मान्य आहे. वर्गणी वेगळी काढू.

*

ताई, वर्गणीचं कार्यकारिणीत बोलू, तिथे माझं मत अजून तेच आहे. खोलीची किल्ली माझ्याकडे असते. शनिवारी ९ ला उघडतो. बीजगणित मी घेईन. मागच्या वर्षीचे सरावाचे पेपर असतील तर आधी पाठवा, म्हणजे मला तयारी करता येईल.