मदत हवी आहे : मुलगी सगळ्यांसाठी पदार्थ करते, स्वतः खात नाही, मेंदूत नेमके काय घडते?

वैदेही_ठाणे
माझी मुलगी अकरावीत आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी ॲनोरेक्सिया नर्व्होसाचे (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळण्याच्या आजाराचे) निदान केले असून हा हट्ट नाही, मेंदूच्या रिवॉर्ड सिस्टीमशी, म्हणजे आनंद किंवा बक्षिसाची जाणीव देणाऱ्या यंत्रणेशी, संबंध असलेला आजार आहे, असे सांगितले. भेटीची वेळ संपल्याने पुढचे विचारता आले नाही. ती घरच्यांसाठी केक करते, पुरणपोळ्या लाटते, रात्री उशिरापर्यंत पाककृतींचे व्हिडिओ पाहते, धाकट्या भावाला आग्रह करकरून वाढते आणि स्वतःच्या ताटातला घास मात्र चिवडत बसते. तिला अन्नातून आनंद मिळतच नसेल, तर ती त्यात इतकी का गुंतते? आणि मिळत असेल, तर खात का नाही? कृपया थेट उत्तर द्यावे; प्रेमाने समजवा, हा सल्ला आम्हांला पुष्कळांनी दिला आहे.

डॉ_निरंजन
वैदेहीताई, निदान कधी झाले, वजन किती काळात उतरले, पाळी येते का, चक्कर येते का, ईसीजी आणि रक्ततपासणी झाली आहे का, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. मेंदूचा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण आधी हे कळायला हवे.

शेवंती
माझ्या भाचीचीही अन्नावरची वासना अशीच उडाली होती. जेवणाआधी आल्याचा रस, लिंबू आणि सैंधव दिल्यावर तिची भूक पूर्ववत झाली. अग्नी प्रदीप्त झाला की मूल आपोआप ताटावर येते.

अपूर्वा_न
शेवंतीताई, या आजारात भूक मंदावलेली नसते. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक या रुग्णांच्या रक्तात वाढलेले आढळते आणि चरबीच्या साठ्याची वर्दी देणारे लेप्टिन खालावलेले असते. म्हणजे शरीर अन्न मागत असते. ती मागणी मेंदूत दाबली जाते.

वैदेहीताई, तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग उपासमारीतूनच समजतो. 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्यांतले अनेकजण पाककृतींची पुस्तके वाचू लागले, दिवसभर अन्नाबद्दलच बोलू लागले. त्यांना हा आजार नव्हता, तरी उपाशी मेंदू अन्नाभोवतीच घुटमळत राहिला.

दुसऱ्या भागासाठी गायडो फ्रँक यांच्या गटाचे 2021 मधील संशोधन पाहावे. खाण्याचे आजार असलेल्या 197 स्त्रिया आणि 120 निरोगी स्त्रिया यांना मेंदूचे स्कॅनिंग चालू असताना साखरेच्या पाण्याची चव कधी अनपेक्षितपणे दिली, तर कधी अपेक्षित असताना दिली नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील तफावतीला मेंदू जो प्रतिसाद देतो, तो ज्यांचे वजन कमी त्यांच्यात अधिक तीव्र होता. निरोगी स्त्रियांमध्ये हायपोथॅलॅमस हे भुकेचे केंद्र स्ट्रायटम या रिवॉर्डच्या केंद्राला दिशा देताना दिसले. आजारी स्त्रियांमध्ये प्रवाह उलटा होता. तेव्हा रिवॉर्डची यंत्रणा बंद पडलेली नाही, ती अतिशय जागी आहे, आणि भुकेवर वरचढ ठरते आहे, असा माझा निष्कर्ष आहे.

श्रीधर_बोस्टन
मला हे अपुरे वाटते. कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने 2015 मध्ये रुग्णांना स्कॅनरमध्ये पदार्थ निवडायला लावले. निवड करताना सवयींशी निगडित असलेला स्ट्रायटमचा वरचा भाग रुग्णांमध्ये अधिक गुंतलेला होता आणि तेथील जोडण्यांचा दुसऱ्या दिवशीच्या प्रत्यक्ष जेवणाशी संबंध आढळला. सुरुवातीला वजन उतरल्याचे समाधान हेच बक्षीस असेल, पण पुढे न खाणे ही सवय होते आणि बक्षीस नसले तरी चालू राहते. म्हणून आनंद परत आणण्यात वेळ न घालवता जेवणाची वेळ, जागा आणि वाढण्याची पद्धत बदलावी, असे माझे ठाम मत आहे.

अपूर्वा_न
दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. शिवाय आजारी व्यक्तीच्या स्कॅनवरून कारण कोणते आणि उपासमारीचा परिणाम कोणता, हे वेगळे काढता येत नाही. सॅन डिएगो येथील वॉल्टर काय यांच्या गटाने बऱ्या झालेल्या स्त्रियांना साखरेची चव दिली, तेव्हा चवीची जाणीव नोंदवणाऱ्या इन्सुला या भागाचा प्रतिसाद निरोगी स्त्रियांपेक्षा कमी होता. हा जन्मजात कल की आजाराचा उरलेला व्रण, हा वाद मिटलेला नाही.

सडाफटिंग
मला गोडाचा मोह आवरत नाही. या यंत्रणेचा उपयोग करून साखर सोडता येईल का? सोळा तासांच्या उपवासाने डोपामिन (मेंदूतील रिवॉर्डशी निगडित रसायन) ताळ्यावर येते का?

डॉ_निरंजन
कृपया यासाठी वेगळा धागा काढावा. उपवासाचे सल्ले येथे नकोत. असे धागे रुग्ण मुलीही वाचतात.

वैदेही_ठाणे
निदान मागच्या आठवड्यात झाले. पाळी काही महिन्यांपासून बंद आहे, जिना चढताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. ईसीजी काढलेला नाही. जेवली तर नवा मोबाइल देऊ, असे कबूल करावे का? आणि तिचे केक करणे बंद करावे का?

डॉ_निरंजन
अंधारी येत असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. आजच रुग्णालयात नेऊन नाडी, झोपून आणि उभे राहून रक्तदाब, ईसीजी, पोटॅशियम आणि फॉस्फेट तपासून घ्या. घाबरून एकदम भरपूर खायलाही घालू नका. दीर्घ उपासमारीनंतर आहार झपाट्याने वाढवला, तर रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयाला धोका होतो. आहार किती वेगाने वाढवायचा, हे डॉक्टरांनी ठरवावे.

अपूर्वा_न
लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातून पुढे आलेल्या कुटुंबाधारित उपचारात सुरुवातीला काय, किती आणि केव्हा वाढायचे, हे आईवडील ठरवतात आणि ताट संपेपर्यंत शेजारी बसतात. त्यामुळे सध्या स्वयंपाकघर तुमच्या हाती घ्यावे, असे मला वाटते. ही शिक्षा नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. मोबाइलचे आमिष मात्र दाखवू नये, कारण त्या क्षणी न खाल्ल्याने मिळणारा दिलासा तिला त्याहून मोठा असतो. तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना ही पद्धत येते का, ते विचारा. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

वैदेही_ठाणे
आम्ही निघतो आहोत. फॉस्फेटची तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीत येते की वेगळी सांगावी लागते?

डॉ_निरंजन
वेगळी सांगावी. मॅग्नेशियमही सांगा.