मदत हवी आहे: नवीन स्वयंसेवकाला घ्यायचं की नाही, कसं ठरवायचं?

सांडगा
नमस्कार मंडळी. एकाने आमच्या प्रकल्पात यायची इच्छा दाखवली आहे. हुशार वाटतो, पण ओळखीचा नाही. असा माणूस कसा पारखायचा? मुलाखत घेऊ का? रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय. कोणाकडे तयार प्रश्नावली असेल तर इथेच डकवा. "गूगल करा" म्हणू नका, करून झालंय.

फुरसतलाल
कसला प्रकल्प? आमच्या ट्रस्टमध्ये आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो घेतो. पाच वर्षांत एकदाही त्रास नाही.

सांडगा
सॉफ्टवेअरचा हो. मुक्त सॉफ्टवेअर, फुकट काम. शीर्षकात लिहायचं राहिलं.

बोर्डरूम_बबन
आयटीत १८ वर्षं भरती करतोय, म्हणून सांगतो. तीन फेऱ्या घ्या. पहिली तांत्रिक, दुसरी संघात बसतो का ते बघायला, तिसरी "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" रेझ्युमे मागवा, आधीच्या मॅनेजरला फोन करा.

आंबटगोड
बबनराव, पगार किती देणार ते आधी सांगा, मग फेऱ्या मोजू. फुकट काम करायला आलेला माणूस दुसऱ्या फेरीलाच पळून जाईल.

पेंग्विनकाका
सांडगा, "घ्यायचं" म्हणजे नक्की काय? पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही. मर्जचा, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घालायचा, हक्क मागतोय का? रिलीज काढायचा? सर्व्हरचा पासवर्ड? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

डेबियनमध्ये, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्सच्या मोठ्या प्रकल्पात, ही वाट चांगली मळलेली आहे. आधी आतल्या कुणीतरी तुमची शिफारस करायची. मग एक अर्ज-व्यवस्थापक नेमतात. तो ओळख तपासतो, म्हणजे तुमच्या जीपीजी किल्लीवर (डिजिटल सहीच्या किल्लीवर) आधीच्या डेव्हलपरांच्या सह्या आहेत का ते बघतो. मग तत्त्वं आणि कार्यपद्धती, मग प्रत्यक्ष काम. महिनोन्महिने जातात. पण २००७ पासून मधली पायरीही आहे, डेबियन मेंटेनर: ठराविक पॅकेजंच अपलोड करता येतात, बाकी कशाला हात नाही. तुम्हीही असंच करा.

सांडगा
काका, डेबियनमध्ये हजारभर माणसं आहेत. आमच्यात दोन, आणि दुसऱ्याला नुकतीच जुळी झालीत. मर्जचा हक्क मागतोय.

आंबटगोड
अहो पण प्रकल्प कसला??

सांडगा
मराठी शुद्धलेखन तपासनीस. हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमची शब्दयादी आणि प्रत्ययांचे नियम. त्याने दोन पॅच दिले. पहिला छान होता, "-पाशी" आणि "-कडून"चे नियम चुकले होते ते दुरुस्त केले. दुसऱ्यात ६,००० नवे शब्द आणि एक साफसफाईची स्क्रिप्ट. मग ईमेल: "तुमच्याकडे पुल रिक्वेस्ट (आलेले बदल) वर्षभर पडून असतात, मला हक्क द्या, मी हलवतो." वर्षभर नाही, ११ महिने.

खविस
थांबा!! हेच एक्सझेडचं झालं, ते फाइल दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर. एकाने २०२१ पासून सभ्यपणे पॅच दिले. २०२२ मध्ये वेगवेगळ्या नावांनी ईमेल यायला लागल्या की मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) ढिला आहे, दुसऱ्याला घ्या. थकलेल्या मेंटेनरने घेतलं. २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार (चोरून आत शिरायची सोय) निघालं. तेही आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच (दूरच्या संगणकावरचं) लॉगिन अर्धा सेकंद हळू का होतंय याची खाज सुटली म्हणून. नाहीतर जगभर पसरलं असतं. तुमच्या माणसाचा खरा फोटो तरी आहे का?

हलन्त
खविस, "आंबोशी" शब्द बरोबर की चूक हे सांगणाऱ्या यादीत कोण मागचं दार बसवणार? आणि ११ महिने पुल रिक्वेस्ट पडून असेल तर तक्रार खरीच आहे की. कुरकुर करणारा प्रत्येक जण हेर नसतो.

खविस
२०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या मूळ लेखकानेही असाच विचार केला होता. ईमेलवर मागितलं म्हणून हक्क देऊन टाकले आणि बिटकॉइनची पाकिटं फोडणारा कोड आत आला. कुठल्याशा छोट्या पॅकेजला कोण विचारतो, असंच सगळ्यांना वाटत होतं.

कॉलेजकुमार_२
दादा, मी पण शिकतोय. तुमच्या प्रकल्पात काम केलं तर सर्टिफिकेट मिळेल का? जीसॉकला (गूगलच्या समर ऑफ कोडला) उपयोग होतो का?

आंबटगोड
हे आले. २०२० चा ऑक्टोबर आठवा, हॅकटोबरफेस्ट मोहिमेच्या टीशर्टासाठी लोक रीडमीमध्ये "अमेझिंग प्रोजेक्ट" घालून पुल रिक्वेस्ट पाठवत होते. शेवटी ज्या प्रकल्पांना भाग घ्यायचाय त्यांनीच आपल्या रेपोवर (कोडच्या साठ्यावर) खूण लावायची, असा नियम करावा लागला.

हलन्त
कुमारला उगाच झोडपू नका. सांडगा, ती साफसफाईची स्क्रिप्ट काय साफ करते?

सांडगा
अदृश्य अक्षरं काढते. झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह) वगैरे. फाइलमध्ये खूप घाण होती, स्वच्छ झाली. चाचण्या पास आहेत.

हलन्त
डिफ, म्हणजे जुन्या-नव्या ओळींतला फरक, बघितलात का? जुन्या फाइलमध्ये अर्धा र हा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे असा लिहिलेला असतो. झेडडब्ल्यूजे काढला की रफार होतो. "दऱ्या" शोधा.

सांडगा
…

- दऱ्या
+ दर्या

"खोऱ्या"चं "खोर्या" झालंय. "आचाऱ्याला"चं "आचार्याला". ८१२ ओळी. मी तर मर्ज करणार होतो.

पेंग्विनकाका
म्हणजे स्वयंपाक्याचा गुरुजी केला. 😄

हलन्त
आता ही तुमची मुलाखत. स्वतः दुरुस्त करू नका आणि ईमेलमध्ये व्याख्यानही देऊ नका. फक्त विचारा: "या ८१२ ओळींत अर्थ बदलतोय का?" एवढंच. तो काय करतो ते बघा. एका तासात "हो, चुकलं, झेडडब्ल्यूजे काढताना र चा ऱ करायला हवा होता" म्हणाला तर सोनं. "चाचण्या पास आहेत" म्हणाला तर अजून वेळ द्या. चिडला तर उत्तर मिळालं. नाव, फोटो, आधार यांतून यातलं काहीच कळत नाही.

दुसरा प्रश्न: ६,००० शब्द आले कुठून?

बोर्डरूम_बबन
यालाच आम्ही केस स्टडी राउंड म्हणतो.

सौ_उसळ
"ऱ्हस्व" की "र्‍हस्व"? आणि फोनवर हा ऱ येतो कुठून? माझ्याकडे सापडतच नाही.

हलन्त
ताई, संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट आणि जे.

सौ_उसळ
मी फोनवर म्हटलं.

पेंग्विनकाका
शब्दांच्या उगमाचं हलन्त बरोबर बोलताहेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतून घेतले असतील तर खुशाल घ्या. नव्या छापील कोशातून स्कॅन करून उचलले असतील तर तुमच्या जीपीएलला (मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याला) अर्थ नाही, दुसऱ्याचा माल वाटायचा हक्क तुम्हाला नाही. भारतात लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो. प्रत्येक पॅचखाली "हे मी लिहिलंय किंवा मला देण्याचा हक्क आहे" अशी साइन-ऑफची ओळ मागा, लिनक्स कर्नलमध्ये २००४ पासून मागतात.

सांडगा
अपडेट. दोन्ही प्रश्न त्याच रात्री पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. स्क्रिप्टबद्दल: "अरे बापरे. माझी आजी मला आचार्याच्या हातचं जेवण जेवायला लावेल." दुपारी दुरुस्त पॅच, वर "दऱ्या/दर्या", "आचाऱ्याला/आचार्याला" अशा १४ जोड्यांची चाचणीही लिहिली, जी आमच्याकडे नव्हती.

शब्दांबद्दल मात्र दोन दिवस गप्प. मग सांगितलं की ३,८०० स्वतःच्या वाचनातले, बाकीचे एका ॲपमधून उतरवलेत, परवाना बघितला नाही. ते काढायला सांगितले, काढले. थोडा खट्टू झाला.

मर्जचा हक्क देत नाही अजून. चाचण्यांचा फोल्डर त्याच्याकडे सोपवला, तिथलं तोच मंजूर करेल. रिलीजची किल्ली माझ्याचकडे.

खविस
किल्लीचा बॅकअप आहे का?

सांडगा
आहे. जुळ्यांच्या बापाकडे.

सौ_उसळ
फोनवरचं कुणी सांगणार आहे का?