मदत हवी आहे: चिपविरहित आरएफआयडी टॅग, केळीच्या क्रेटवर वाचता येत नाही

सावदा_केळी:
रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळीच्या प्लास्टिक क्रेटसाठी सहा बिटचा टॅग करतोय; चिप नाही, प्रत्येक बिट म्हणजे ठरावीक वारंवारतेवर सिग्नलमध्ये पडणारी खाच. १.६ मिमी एफआर-४ (नेहमीचं पीसीबीचं फायबरग्लास शीट), मधोमध ३ मिमी रुंदीची ५० ओहमची पट्टी, कडेला सहा यू-आकाराचे रेझोनेटर (आपापल्या वारंवारतेवर खाच पाडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या), २.५० ते २.७० गिगाहर्ट्झमध्ये दर ४० मेगाहर्ट्झला एक. दोन टोकांना मोनोपोल अँटेना, एकमेकींशी काटकोनात. अँटेनाऐवजी केबल लावून एस२१ (एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचणारा सिग्नल) मोजला तर चारच खाचा दिसतात. भरलेल्या क्रेटवर हवेतून काहीच नाही. मोजायला नॅनोव्हीएनए व्ही२ (छोटा नेटवर्क अ‍ॅनलायझर) आहे, ३ गिगाहर्ट्झपर्यंतचा. शीट बदलू की आकृती?

तापीकाठ:
भाऊ, आधी खाचांमधलं अंतर वाढवा. एफआर-४ चा लॉस टँजंट (शीट किती ऊर्जा खातं त्याचं माप) ०.०२, म्हणजे क्यू (खाचेचा टोकदारपणा) ५० च्या आसपास अडकणार. २.५ गिगाहर्ट्झला एकेक खाच निदान ५० मेगाहर्ट्झ रुंद; तांब्याचा लॉस वेगळाच. ४० वर शेजारच्या खाचा मिसळणारच. २.५० पासून ९० च्या अंतराने लावा, शेवटची २.९५ ला येते. रॉजर्स ४००३सी वर लॉस टँजंट ०.००२७, तिथे ४० चालेल, पण शीट महाग.

एचिंगही (नको असलेलं तांबं रसायनाने काढणं) तपासा. २.५ गिगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीचा रेझोनेटर साधारण ३३ मिमी भरतो, ०.२ मिमी कमी झाला की खाच १५ मेगाहर्ट्झ वर सरकते. फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड जास्त वेळ राहिला तर नेमकी टोकंच खाल्ली जातात.

नॅनोव्हीएनएच्या स्वीपमध्ये (वारंवारता सरकवत केलेल्या मोजणीत) १ गिगाहर्ट्झला १०१ बिंदू म्हणजे पायरी १० मेगाहर्ट्झची. पट्टा तुकड्यांत घ्या.

शिरपूर_आरएफ:
क्रेटचं दुखणं वेगळं आहे. केळ्यात पाऊण हिस्सा पाणी, आणि पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या जवळ. रेझोनेटरखाली ग्राउंड असल्याने ते बचावतात. मोनोपोलखाली तांबं नसतं, त्यामुळे मॅचिंग (अँटेना आणि पट्टीचा मेळ) तिथेच बिघडतं. टॅग आणि क्रेटमध्ये १० मिमी थर्मोकोल घाला.

टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या दोन अँटेनाही काटकोनात हव्यात, नाहीतर क्रेटवरून थेट परतणारा सिग्नल टॅगला झाकून टाकतो. टॅगशिवायचं मोजमाप वजा करताना डीबी वजा करू नका. रिअल-इमॅजिनरी आकडे घ्या. सुरुवातीला २० सेमीपेक्षा जास्त अंतराचा नाद नको.

शीतगृहातून निघालेल्या क्रेटवर दव धरतं आणि सगळ्या खाचा खाली घसरतात. म्हणून पहिला रेझोनेटर प्रत्येक टॅगवर कायम ठेवा आणि बाकीच्यांचं त्याच्याशी गुणोत्तर वाचा. बिट पाच उरतील, पण भरवशाचे.

शून्य लिहायला रेझोनेटर मधोमध १ मिमी कापला की पुरे, त्याची वारंवारता जवळपास दुप्पट होऊन पट्ट्याबाहेर जाते. सगळ्या टॅगना एकच मास्क चालेल.