अनुभव धागा: पुण्यातलं पेठांचं राजकारण, कामं कशी चालायची?

१५ फेब्रुवारी १९५० ला पुणे नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि पुढे बाबूराव सणस शहराचे पहिले महापौर झाले. तेव्हापासून कोण निवडून आलं, कोण पडलं, कोणी कोणाला पाडलं यावर भरपूर लिहिलं गेलंय. पण भिंत कशी रंगवायचे, मतदारांच्या स्लिपा कशा लावायचे, पाण्याची तक्रार नगरसेवकाकडे गेली की पुढे काय व्हायचं, हे हाताचं ज्ञान सहसा कुणी लिहून ठेवत नाही. ज्यांनी हे केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी इथे लिहावं. विनंती एकच, पक्षांची उणीदुणी नकोत. पद्धत लिहा, मापं लिहा, कुठे बिघडायचं आणि का, ते लिहा.

शनिपारकर

भिंतीपासून सुरुवात करतो, कारण प्रचार तिथूनच सुरू व्हायचा.

वाड्याच्या मालकाची परवानगी मिळाली की आधी भिंतीचा जुना, पापुद्रे सुटलेला चुना तारेच्या ब्रशने खरवडायचा. हे टाळलं की नवा रंग जुन्यासकट चार दिवसांत खाली येतो. कळीचा चुना आदल्या रात्री भिजत घालायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा आणि त्यात डिंकाचं पाणी मिसळायचं. डिंक नसेल तर चुना हाताला लागतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपड्यांना लागतो, आणि मग लोक उमेदवाराच्या नावाने बोटं मोडतात. चिमूटभर नीळ टाकली की पांढरा खुलतो. दोन हात द्यायचे, पण पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही.

मग दोरी मारून रेघा आखायच्या आणि गेरूने किंवा निळ्याने अक्षरं. चांगला पेंटर आधी मोजायचा की नावात किती अक्षरं, किती काने-वेलांट्या. नाहीतर शेवटचं अक्षर कोपऱ्यात चेपून बसतं. अपक्ष आणि स्थानिक आघाड्यांच्या उमेदवारांची एक अडचण असायची. चिन्ह माघारीची मुदत संपल्यावरच मिळायचं. म्हणून नाव आधी रंगवून चिन्हाचा चौकोन कोरा ठेवायचे आणि चिन्ह मिळालं त्या रात्री सगळ्या भिंतींवर एकदम काम चालायचं. तेवढ्यासाठी पत्र्याचे छाप कापून घ्यायचे. १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आला, निवडणूक आयोगाची नजर कडक झाली, आणि पुढे ही कला संपत गेली.

पोस्टरची खळ: १ किलो मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग साधारण ८ लिटर उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचा आणि सतत ढवळायचं. पांढरेपणा जाऊन पारदर्शक झाली की उतरवायची. चमचाभर मोरचूद टाकायचं, नाहीतर उंदीर, झुरळं रातोरात कागद खातात. खळीचा हात भिंतीलाही आणि कागदाच्या वरूनही. फक्त मागून लावलेला कागद उन्हात कडेने सुटतो आणि वाऱ्याने फाटतो.

मंडईजवळचा

चौकातल्या फळ्यांबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, म्हणून मी लिहितो. पेठांमधली बातमी फळ्यावर असायची. सभा, निधन, पाणी बंद, सगळं. खडू पाण्यात बुडवून लिहायचे. ओल्या खडूचं अक्षर आधी फिकं दिसतं, वाळलं की ठसठशीत पांढरं होतं आणि नुसता हात लागून पुसलं जात नाही. कोरड्या खडूने लिहिलेला फळा दुपारपर्यंत धुळीने मरतो. शनिवारवाड्यासमोर सभा असली की सकाळच्या फळ्यावर फक्त वक्त्याचं नाव आणि वेळ. विषय लिहायची गरज पडत नसे.

मंडईचं म्हणाल तर १८८६ साली बांधून झालेली ती इमारत आधी रे मार्केट होती, मुंबई प्रांताच्या गव्हर्नरच्या नावाने. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं नगरपालिकेचे सदस्य होते आणि या इमारतीवरच्या खर्चाला त्यांचा विरोध होता. पैसा आधी शिक्षणाकडे जावा, हे त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत आले आणि त्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. पालिकेच्या सभागृहात विरोधी मत नोंदवणाऱ्याचं नाव शहराने असं धरून ठेवलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

नदीपात्र

स्लिपा. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटतं, पण पेठेतली निवडणूक यावर ठरायची.

मतदार यादी भागाभागांची असते आणि भागात घर क्रमांकाप्रमाणे. एका वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडं, सगळ्यांचा घर क्रमांक एक. म्हणून यादीची प्रत काढून कात्रीने वाडावार तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि तो पुठ्ठा त्याच वाड्यातल्या नाहीतर शेजारच्या कार्यकर्त्याला द्यायचा. त्याने घरोघर जाऊन खुणा करायच्या: आपला, त्यांचा, काठावरचा, मयत, लग्न होऊन गेलेली, गावी असणारा. स्लिपेवर यादी भाग, अनुक्रमांक, नाव, केंद्राचं नाव आणि खोली. कोऱ्या पांढऱ्या कागदावर. उमेदवाराचं नाव किंवा चिन्ह त्यावर चालत नाही.

स्लिपा दोन प्रतींत लिहायच्या. एक घरी पोचवायची, दुसरी मतदानाच्या दिवशी केंद्राच्या हद्दीच्या रेषेबाहेरच्या टेबलावर वाडावार गठ्ठे बांधून. टेबलावर त्या त्या वाड्याचा माणूस बसवायचा, कारण त्याला चेहरे ओळखू येतात. मतदार समोरून आत गेला की त्याची प्रत गठ्ठ्यातून काढायची. दुपारी दोनला गठ्ठ्यात जे उरलं, ते तुमचं काम. यादीत टिक करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सरस, कारण उरलेली नावं थेट हातात येतात.

बिघडायचं कुठे? वाडे पडायला लागले तेव्हा. माणसं कोथरूड, बिबवेवाडी, धनकवडीला राहायला गेली, नावं मात्र कसब्यात, सदाशिवात. अशा कुटुंबांची वेगळी वही ठेवावी लागायची: नवा पत्ता, घरात मतं किती, आणणार कोण. त्यातही एक पथ्य होतं. घरातल्या सगळ्यांत ज्येष्ठ व्यक्तीला आधी निरोप द्यायचा. आजी निघाल्या की मागून घर निघतं.

मोजणी टेबल

वरच्या प्रतिसादाला जोड म्हणून मतपत्रिकेबद्दल, कारण नव्या पिढीने ती पाहिलेलीच नाही.

शिक्का मारल्यावर मतपत्रिकेची घडी आधी उभी, मग आडवी घालायची. उलट केलं की ओली शाई खालच्या किंवा वरच्या उमेदवाराच्या चिन्हावर उमटते. त्यासाठीच शिक्का साध्या फुलीचा नव्हता, तिच्या चारही टोकांना बाण होते. घडीतून उमटलेला ठसा आरशातल्यासारखा उलटा पडतो, बाण उलट दिशेला फिरतात. मूळ ठसा कुठला आणि डाग कुठला, हे बाणांवरून ठरायचं. मोजणीला बसणाऱ्या प्रतिनिधीला हे आलंच पाहिजे, कारण पंचवीस-तीस मतांच्या फरकाच्या वॉर्डात वादाच्या मतपत्रिकांचा गठ्ठाच निकाल ठरवायचा. दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर बसलेला शिक्का हा दुसरा वादाचा प्रकार. ठशाचा काहीही भाग दोन्ही चौकोनांत असला आणि कौल स्पष्ट नसला, तर मत बाद. म्हणून जुने कार्यकर्ते घरोघर सांगत फिरायचे, "चिन्हाच्या मधोमध मारा, आणि फुंकर घालून मग घडी घाला."

चावीवाला चौक

नगरसेवक म्हणजे काय, हे पेठेत पाण्यावरून ठरायचं. चांगल्या नगरसेवकाला आपल्या वॉर्डातल्या चाव्या, म्हणजे पाण्याच्या लाइनचे व्हॉल्व्ह, पाठ असायच्या. कुठल्या बोळाच्या तोंडाशी कुठला व्हॉल्व्ह, कुठली लाइन चार इंची, कुठली सहा.

सहा इंची व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला साधारण वीस फेरे लागतात. ढोबळ हिशोब असा: व्यास इंचात, गुणिले तीन, अधिक दोन. तक्रार आली की पहिला प्रश्न, फेरे किती दिले? बारा देऊन थांबला असेल तर जवळच्या वाड्यांना फरक कळत नाही, कारण पाणी पहिल्या काही फेऱ्यांतच बऱ्यापैकी सुटतं, पण शेवटच्या टोकाला दाब उरत नाही. बंद करताना याच्या उलट. पाणी खरं तुटतं ते शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत. ते भराभरा फिरवले तर लाइनला दणका बसतो आणि जुन्या बिडाच्या पाइपाचे शिसं ओतलेले सांधे ढिले होतात. दुसऱ्या दिवशी रस्ता ओला दिसला की समजायचं, चावी घाईने बंद झालीय.

चढावरच्या घरांची तक्रार वेगळी. तिथे पाणी असूनही नळ फुसफुसतो, कारण लाइनमध्ये हवा अडकलेली असते. वरच्या टोकाचा नळ आधी मोकळा सोडून हवा काढायची, मग व्हॉल्व्ह हळूहळू वाढवायचा. पंप लावून ओढलं तर शेजाऱ्याकडची हवा आपल्याकडे येते, एवढंच.

पत्र देऊन हे सुटत नाही. सकाळी पाणी सुटायच्या वेळी चावीवाल्याबरोबर उभं राहावं लागतं. तसे उभे राहणारे नगरसेवक लोकांनी पक्ष न पाहता परत परत निवडून दिले.

स्थायीचा अभ्यासक

सभागृहाकडे येऊ. स्थायी समितीत १६ सदस्य. पहिल्या वर्षाअखेरीस निम्मे चिठ्ठी काढून निवृत्त, त्यानंतर दर वर्षी आठ जण मुदतीने बाहेर. महापौर सभा चालवतात, पैशाची दोरी स्थायीकडे, अंमलबजावणी आयुक्तांकडे. ही विभागणी ज्याला कळली तोच काम करून घ्यायचा.

गल्लीतल्या कामाचा रस्ता असा: नगरसेवकाचं पत्र, कनिष्ठ अभियंत्याची पाहणी, पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), तांत्रिक मान्यता, निविदा, स्थायीची मान्यता, कार्यादेश. पण या सगळ्याच्या आधी अंदाजपत्रकात त्या कामाचं नाव आणि तरतूद हवी. नगरसेवकांची वॉर्डातली कामं अंदाजपत्रकातल्या 'सहयादी'त जायची. नवखे सदस्य तिथे फसायचे. दहा कामांना थोडी थोडी तरतूद टाकायचे, एकही निविदा निघण्याइतकी व्हायची नाही, आणि ३१ मार्चला सगळं व्यपगत, म्हणजे तरतूद रद्द. जाणते तीनच कामं धरायचे आणि पूर्ण पैसे मागायचे. उरलेल्यांसाठी वर्गीकरण, म्हणजे एका कामाचे न वापरलेले पैसे दुसऱ्याकडे वळवणं. त्याचा प्रस्ताव डिसेंबर-जानेवारीतच द्यायचा. मार्चमध्ये दिलेल्या वर्गीकरणाला मान्यता मिळते, पण काम करायला दिवस उरत नाहीत.

स्थायीने मनावर घेतलं तर काय होतं, याचा सगळ्यांना ठाऊक असलेला दाखला म्हणजे जंगली महाराज रस्ता. श्रीकांत शिरोळे स्थायीचे अध्यक्ष असताना 'रिकॉन्डो' कंपनीला ते काम दिलं गेलं, दहा वर्षांची हमी लिहून घेऊन. १९७६ च्या सुरुवातीला रस्ता झाला आणि ती मुदत उलटून गेल्यावरही दशकानुदशकं टिकला. यात जादू नाही. खालचे थर नीट दाबलेले, पाणी कडेला जाईल असा उतार आणि डांबरमिश्रण गरम असतानाच पूर्ण झालेलं रोलिंग. मिश्रण १३० अंशांच्या आसपास पसरायचं असतं आणि ९० च्या खाली जायच्या आत दाबून संपवायचं असतं. गाडी प्लांटवरून यायला उशीर झाला की वरून काळंभोर दिसतं, पण आत पोकळ्या राहतात, आणि पहिल्या पावसात पाणी तिथेच शिरतं. दुसरा शत्रू खोदाई. खोदलेला चर मुरूम टाकून थराथराने न दाबता एकदम भरला की तो खचणारच. हमीचं कलम आज प्रत्येक निविदेत असतं. ते वापरायची इच्छा हवी.

एस.पी.समोर

थोडक्यात तीन नोंदी. रामभाऊ म्हाळगी आमदार म्हणून आपल्या कामाचा अहवाल दर वर्षी छापून मतदारांपुढे ठेवायचे. सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांनी १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरानंतर पुनर्वसनाचं काम ज्या झपाट्याने केलं, त्याची आठवण शिवाजीनगरच्या चौकाला त्यांचं नाव देऊन शहराने जपली. नानासाहेब गोरे, भाई वैद्य हे महापौर झाले तेव्हा पद एका वर्षाचं होतं. एवढ्या मुदतीत मोठा प्रकल्प होत नाही, पण सभागृहाची शिस्त आणि भाषा नक्की घडते, आणि ती त्यांनी घडवली.

प्रभाग चारचा

आताच्या पद्धतीचीही नोंद असू द्या, म्हणजे फरक कळेल. २०१७ ला चार सदस्यांचे प्रभाग झाले. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीच्या यंत्रावरच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा: पांढरा, फिकट गुलाबी, फिकट पिवळा, फिकट निळा. चार बटणं दाबल्यावरच शेवटचा लांब आवाज येतो. खूप जण ओळखीच्या एका नावासमोरचं बटण दाबून निघायला लागायचे आणि केंद्रावरचे कर्मचारी त्यांना परत बोलवायचे. म्हणून कार्यकर्ते पुठ्ठ्याचं नमुना यंत्र घेऊन घरोघर फिरले: रंग चार, बटणं चार, आवाज आल्याशिवाय हलायचं नाही.

खरी अडचण निकालानंतरची. वर लिहिलेला चावीचा प्रश्न आता चौघांपैकी कोणाकडे न्यायचा? आमच्या भागात सोसायट्यांनी यावर उपाय काढला. तक्रार एकच, पत्र चौघांच्या नावे, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पत्रात व्हॉल्व्हची जागा, पाणी सुटायची आणि जायची वेळ, आणि कितव्या मजल्यापर्यंत चढतं, एवढं लिहिलं की अभियंता पाहणीला येतो. "पाणी कमी येतं" एवढंच लिहिलेलं पत्र फायलीत राहतं.