होडी बांधतात की शिवतात?

मगरवाला
बडोदा, दांडिया बाजार. गच्चीवर आठ फुटी होडी करतोय, विकतच्या इंग्रजी प्लॅनवरून. बाबा मदतीला, म्हणून कृती मराठीत लिहून काढली. "प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवा" असं लिहिलं, तर बाबा म्हणाले, "होडी बांधतात. शिवतात ती गोधडी." पण कडेला भोकं पाडून, तार ओवून, पिळा मारायचा, याला दुसरं काय म्हणू?
शिवाय तळ आणि बाजू जिथे कोनात मिळतात त्या कडेला 'चाईन' म्हणतात. तिला मराठीत काय?

काथ्याकूट
शिवाच! चोलमंडल किनाऱ्यावरच्या मसुला होड्या काथ्याने शिवलेल्याच असत, खिळा एकही नाही. लाट आपटली की फळ्या जरा लवतात, फुटत नाहीत. माझं तर मत, 'होडी बांधणे'तलं बांधणे हे त्या दोरीचंच.

सानुनासिक
मग घरही काथ्यानेच बांधत असतील!
आणि 'प्लाय' कशाला? स्तरकाष्ठ म्हणा.

मगरवाला
लातीवर (लाकडाच्या वखारीत) जाऊन स्तरकाष्ठ मागून बघा. शेठ विचारतो, "सातसो दस के त्रणसो त्रण?" हे प्लायच्या प्रतीचे नंबर. 710 म्हणजे मरीन, पाण्यात टिकणारा; 303 साधा. तेवढ्यावर काम होतं.

वल्हवरे
मालवणकडचा आहे. होडी बांधतात, विषय संपला. पुढचं टोक ती नाळ, हेही लिहून घ्या.

रावपुरा
आमच्याकडे गुजराती सुतार नाळेला मोरो म्हणतो. कच्छच्या मांडवीत अजून लाकडी जहाजं बांधतात (आपली बडोद्यातली दरवाज्याची मांडवी नव्हे), तिथेही 'बांधवुं'च.

आजीची पत्रावळ
प्रत्येक कामाचं क्रियापद वेगळं. पत्रावळीला काडीने टाके घालतो, तरी म्हणतो 'पत्रावळ लावली'.

काथ्याकूट
डॉक्टर जखम शिवतो, त्याला शिंपी म्हणता का?

सानुनासिक
'शिवणे' म्हणजे स्पर्शही. फळीला फळी शिवते, तिथूनच आलं असणार.

आजीची पत्रावळ
ती दोन वेगळी क्रियापदं आहेत हो. शिवणापाणी खेळताना कोणी सुई घेऊन धावत नाही.

वल्हवरे
ती होडी पाण्याला शिवणार कुठे पण? विश्वामित्री नदीत मगरी.

मगरवाला
नावावरून कळलं नाही? आधी जिना. वळणावर आठ फूट वळत नाहीत, बाबांनी काल टेप लावून पाहिलं.
आज सांध्यांत इपॉक्सी आणि लाकडाचा भुसा कालवून भरला. सुकला की तारा कापणार. चाईनचं कोणी सांगेल का?

काथ्याकूट
कापणार नाही, उसवणार म्हणा!

रावपुरा
टाके काढणार.