गाण्याचं वेड लावणारं लहानपणीचं माणूस : तुमचे अनुभव लिहा

काल रियाजाला बसताना फोनवर तानपुरा लावला. सूर चोख, तरी काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. मग लक्षात आलं, दोरा सरकवायचं काम राहिलंय.

आत्या पहाटे तानपुरा जुळवायची तेव्हा ते काम माझं. ती तार छेडत राहायची आणि मी घोडीवरचा (तारा टेकतात त्या पट्टीवरचा) सुती दोरा तारेखाली नखाने केसभर पुढेमागे करायचे. आधी नुसतं टणटण. "अजून नाही." आणखी जरासं. "अजून नाही." मग एका जागी तार अशी भरून गुणगुणायला लागायची, म्हणजे जवारी खुलायची, की अंगावर काटा यायचा. आत्या काही बोलायची नाही, पुढची तार धरायची. सहा वर्षांची होते. मालकंस राग कशाशी खातात ठाऊक नव्हतं, पण ज्या दिवशी त्याच्यासाठी पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरायची, त्या दिवशी घर वेगळं वाटायचं.

चाळीस वर्षं गातेय ती त्या दोऱ्यापायी. तुमचं कोण?

---

आजोबा. पेटीवाले. आकाशवाणीवर पेटीला १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती, त्यामुळे रेडिओवर ख्याल लागला की मागे सारंगी. आजोबा घरात पेटी काढून रेडिओलाच साथ करायचे! गवई श्वासाला थांबला की जागा भरायची, "वा, घ्या" म्हणायचं. दोन्ही हात पट्ट्यांवर हवेत म्हणून भाता माझ्याकडे. गाण्यात दम कुठे घ्यायचा ते मी भात्यावर शिकलो.

---

काय सुंदर लिहिलंय दोघांनी. बाळ झोपलंय, उठायच्या आत एवढंच: माझा मामा. तबला नव्हता, माझ्या पाठीवर ठेका धरायचा. सोळा मात्रा, नवव्या मात्रेला खाली (तालातली टाळी नसलेली जागा) आली की हात अलगद उचलायचा. अजून तीनताल ऐकला की पाठीला खाली कळते.

---

दादा, पेटीचा विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या जुन्या पेटीची एक पट्टी न दाबताच वाजत राहते. काय करावं?

---

झडपेखाली कचरा असेल, नाहीतर स्प्रिंग ढिली झालीय. झाकण काढून पट्टी हळूच उचला, मऊ ब्रशने झाडा. रीडला बोट लावू नका, सूर हलतो. नाहीच जमलं तर कारागिराकडेच न्या.

---

माझा अनुभव जरा उलटा. शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." दहा वर्षांची होते. त्यानंतर माणसांसमोर गायलेच नाही. पण आई कपडे वाळत घालताना गुणगुणायची ते कानात राहिलं होतं. आई गेली, आणि एक दिवस दोरीपाशी उभी असताना माझ्याच तोंडून तिची चाल निघाली. बेचाळिसाव्या वर्षी क्लास लावला. आता सहावं वर्ष.

---

वरच्या ताई, वाचून डोळे भरले. गात राहा.

---

+१. ताई, एखादं रेकॉर्डिंग ऐकवा की!

---

माझ्या बाबतीत माणूस नव्हे, तबकडी. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, संपली की पुन्हा सुई टेकवायची, हे दुपारभर. भीमसेन जोशी १९३३ मध्ये अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. त्याआधी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी अशाच तबकडीवर ऐकली होती. तेवढ्या मिनिटांत पोराला घराबाहेर काढायची ताकद असते, ही अतिशयोक्ती वाटत नाही मला. मी घर सोडलं नाही, पण सरोद सुटली नाही.

---

सरोद कुठल्या वयात धरली? माझी लेक नऊ वर्षांची आहे, बोटं पुरतील का?

---

लहान आकाराची मिळते, बोटांची काळजी नको. पण आधी वर्षभर तिला गाऊ द्या. कानात सूर बसला की पडदे नसलेल्या पट्टीवर बोट आपोआप जागा शोधतं.

---

पुन्हा मीच, धागा काढणारी. सगळं वाचून राहवेना, आत्याला फोन लावला. आता ब्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं. फोनवरचा तानपुरा ऐकवला. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "जवारी बंद आहे गं हिची. दोरा घेऊन ये."

रविवारी जातेय.