नॅशव्हिल १९६०: कार्यशाळेत विद्यार्थी नेमका कसला सराव करत?

वाचनवेडा:
१ फेब्रुवारी १९६० ला अमेरिकेत ग्रीन्सबरोत चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ या दुकानातल्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर धरणं धरून बसले, हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये अशाच धरण्यांची तयारी त्याआधीपासून चालू होती म्हणे. मार खाऊन हात न उचलणं शिकवता येतं का? आणि कॉलेजं पाठीशी होती का?

धंतोली:
शिकवता येतं, पण भाषणाने नाही. ही तयारी करून घेणारे जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी भेदभावाविरुद्ध बसवर टाकलेल्या बहिष्काराची बातमी त्यांनी इथल्याच वर्तमानपत्रात वाचली. पुढे नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकताना त्यांनी चर्चमध्ये कार्यशाळा घेतल्या. फिस्क, टेनेसी ए अँड आय, मेहॅरी आणि अमेरिकन बॅप्टिस्ट सेमिनरी या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांतली मुलंमुली येत.

खुर्च्या मांडून काउंटर करायचा. काही जण धरणेकरी, बाकीचे टवाळखोर. टवाळखोरांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर धूर सोडायचा, खुर्चीवरून ओढायचं. पडल्यावर अंग मुडपून डोकं कसं वाचवायचं, एकाला मार बसत असेल तर दुसऱ्याने मध्ये पडून तो कसा वाटून घ्यायचा, याची तालीम होई. मग भूमिकांची अदलाबदल. ज्याला संयम जमणार नाही त्याने काउंटरवर जायचंच नाही.

जुनी_कात्रणे:
१९५९ च्या अखेरीस हार्वीज आणि केन-स्लोन या दुकानांत चाचणीही झाली होती: खायला मागितलं, नकार मिळाला, व्यवस्थापकाशी बोलून परतले. ग्रीन्सबरोमुळे फक्त मुहूर्त अलीकडे आला.

१३ फेब्रुवारीला सुमारे १२४ जण तीन दुकानांत गेले. आधी किरकोळ खरेदी, मग काउंटर. म्हणजे दुकानाला आपले पैसे चालतात, हे गल्ल्यावरच सिद्ध.

खरी अडचण पुढे आली. संख्या फुगली आणि नव्यांनी कार्यशाळा केलेली नव्हती. म्हणून जॉन लुईस आणि बर्नार्ड लाफायेत या विद्यार्थ्यांनी नियमांचा कागद काढला: उलट मारू नका, मोठ्याने हसू नका, काउंटरकडे तोंड करून ताठ बसा, नेत्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका, दार आणि वाट अडवू नका. हा शेवटचा नियम साधा वाटतो, पण वाट अडवली की पोलिसांना आयतं कारण मिळतं.

२७ फेब्रुवारीला मारहाण झाली. सुमारे ८० विद्यार्थ्यांना अटक, हल्लेखोर मोकळे. पण एक तुकडी पोलिसांनी नेली की दुसरी त्याच स्टुलांवर येऊन बसे. दंड ५० डॉलर. बहुतेकांनी तो न भरता तुरुंग पत्करला. दंड भरत बसलं असतं तर चळवळीचा पैसा संपला असता आणि कोठड्या रिकाम्या झाल्या असत्या.

वाचनवेडा:
मग दुकानदार नमले ते तुरुंगामुळे?

जुनी_कात्रणे:
माझ्या मते गल्ल्यामुळे. ईस्टरच्या ऐन हंगामात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांचा या दुकानांवर बहिष्कार पडला होता. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब पडला. त्याच दिवशी हजारोंचा मूक मोर्चा निघाला आणि विद्यार्थी नेत्या डायान नॅशने महापौर बेन वेस्ट यांच्याकडून भेदभाव चूक असल्याचं सगळ्यांदेखत वदवून घेतलं. दुकानदारांना माघारीचं निमित्त मिळालं. १० मे रोजी सहा दुकानांनी काउंटर खुले केले, तेही गाजावाजा न करता: दिवस आधी ठरलेला, गिऱ्हाईकं मोजकी.

कलम_चौदा:
कॉलेजांचं उत्तर राहिलंच. फिस्क खासगी, तिथले अध्यक्ष स्टीफन राइट यांनी उघड पाठिंबा दिला. व्हँडरबिल्टही खासगीच, पण त्यांनी मार्च १९६० मध्ये लॉसनना काढून टाकलं. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या कॉलेजांचे हात बांधलेले. टेनेसी ए अँड आयने १९६१ मध्ये फ्रीडम राइडमधल्या (बसमधल्या भेदभावाविरुद्धच्या प्रवास-मोहिमेतल्या) १४ विद्यार्थ्यांना काढलं. अलाबामा स्टेट या सरकारी कॉलेजाने १९६० मध्ये नऊ जणांना सुनावणीशिवाय काढलं, त्यांतले काही मात्र कोर्टात गेले. १९६१ च्या डिक्सन खटल्यात फेडरल अपील न्यायालयाने ठरवलं की सरकारी कॉलेजाने हकालपट्टीआधी नोटीस आणि सुनावणी दिलीच पाहिजे. खासगी कॉलेजांना हा निकाल लागू नव्हता, त्यामुळे लॉसनना त्याचा उपयोग झाला नसता. त्यांनी पदवी बोस्टनहून घेतली.